लघुग्रह आणि माझा भाऊ

माझा धाकटा भाऊ त्र्यंबकेश्वरला पौरोहित्य करतो आणि मी नाशकात एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. आम्हा दोघांचं बिनसलं ते एका दगडापायी. तो दगड पृथ्वीवर पडला नाही, पडणारही नाही. हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. जमिनीवरून, दागिन्यांवरून भावाबहिणीत वितुष्ट येतं हे त्यांना कळतं, आकाशातल्या दगडावरून येतं हे कळत नाही. मलाही कळायला वेळ लागला.

आमचे वडील यजमानांची कामं करत, पण त्यांचा खरा जीव गणितात होता. ग्रहणाच्या वेळा ते स्वतः काढत. छापील पंचांगावर विश्वास नव्हता असं नाही, पण दुसऱ्यानं केलेली बेरीज आपण एकदा तपासावी, असं ते म्हणत. भाऊ दहा वर्षांचा झाल्यावर त्यांनी त्याला ते गणित शिकवायला घेतलं. मी तेरा वर्षांची होते. मला कुणी बसवलं नव्हतं, पण आतल्या खोलीत भाजी निवडत बसलं की बाहेरचं सगळं ऐकू यायचं. भावाला ते काही जमेना. मग मी वहीत गणित सोडवायचे, तो पाठ करायचा आणि वडिलांपुढे म्हणून दाखवायचा. वडिलांना हे माहीत होतं. एकदा तो मध्येच अडला, तेव्हा आतल्या खोलीकडे न बघता ते म्हणाले, "पुढचा आकडा सांगा कुणीतरी." मी आतून सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला आणि भावाला म्हणाले, "शाबास."

मला त्या वेळी वाईट वाटलं नाही, उलट आपण उपयोगी पडलो याचा आनंदच झाला. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण आज जे वाटतं ते मागच्या काळावर फासायची मला सवय लागली आहे.

मी लग्न केलं नाही. नोकरी लागल्यावर गंगापूर रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि तिथेच राहिले. सणावाराला मी त्र्यंबकला जायचे, आणि भावाचं नाशकात काही काम निघालं की तो माझ्याकडे जेवायला यायचा. त्याच्याशिवाय मला दुसरं माहेर नव्हतं आणि सासर तर नव्हतंच.

निवृत्त झाल्यावर मला लघुग्रहांचा नाद लागला. जगभरच्या वेधशाळा सतत नवे लघुग्रह शोधत असतात आणि त्यांची मोजमापं सगळ्यांसाठी खुली ठेवतात. अमुक वेळेला तो आकाशात नेमका कुठे दिसला, एवढंच त्यात असतं. अशी बरीच मोजमापं जमली की त्या दगडाची कक्षा काढता येते, आणि पुढच्या शंभर वर्षांत तो कधी आपल्या वाटेत येतो का तेही बघता येतं. मोठ्या संस्था हे काम करतातच. मी घरी बसून, माझ्या लॅपटॉपवर, त्यांची बेरीज तपासायचे. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता, पण सकाळचे तीन-चार तास फार चांगले जायचे.

दोन हजार पंचवीस साल लागता लागता एक नवा लघुग्रह सापडला. आकारानं एखाद्या उंच इमारतीएवढा. बत्तीस सालच्या डिसेंबरात तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीच्या अखेरीस शंभरात एकच्या वर गेली. एरवी असे आकडे लाखात एक, कोटीत एक असे असतात, म्हणून मोठ्या संस्थांनी जगाला रीतसर इशारा दिला. पडलाच तर कुठे पडेल याचा एक लांबलचक पट्टा त्यांनी काढला होता. तो पॅसिफिक महासागरापासून आफ्रिकेवरून अरबी समुद्रापर्यंत आणि पुढे आपल्याकडे येत होता. आपल्या वृत्तवाहिन्यांना तेवढं पुरलं. त्यांनी पट्ट्यातून पॅसिफिक आणि आफ्रिका काढून टाकली आणि मुंबई ठेवली.

माझ्याकडे एका स्थानिक वाहिनीची मुलगी कॅमेरावाल्याला घेऊन आली. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं तिला माझं नाव सुचवलं होतं. मी वीस मिनिटं बोलले. त्यात एक वाक्य असं होतं: "येत्या काही दिवसांत हा आकडा वाढेल, पण त्याचा अर्थ धोका वाढला असा नाही." संध्याकाळी बातम्यांत मी चार सेकंद दिसले. "येत्या काही दिवसांत हा आकडा वाढेल," एवढं म्हणून मी संपले.

दुसऱ्या दिवशी फुलं द्यायला येणाऱ्या बाईंनी विचारलंच. त्या मखमलाबादकडच्या. स्वतःच्या वावरात झेंडू आणि शेवंती लावतात, फूल बाजार उरकला की आमच्या चार-पाच सोसायट्यांत पुड्या देत फिरतात. दारातच टोपली खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, तुमाला टीव्हीत पायलं. पडंल का ओ ते?"

"नाही पडणार बहुतेक."

"बहुतेक म्हंजी?"

"म्हणजे पडण्यापेक्षा न पडण्याची शक्यता खूपच जास्त आहे."

"पर वाढनार म्हनले ना तुमी."

मी त्यांना समजवायला लागले. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "माझी नात सात वर्षांची हाय. सात वर्सांनी लग्नाच्या वयाला यील का नाय, ते सांगा फक्त." चौदाव्या वर्षी लग्न करू नका, एवढंच मला सुचलं. त्या हसल्या नाहीत. टोपली उचलून गेल्या.

त्याच आठवड्यात भाऊ आला. बँकेत काम होतं म्हणाला, पण मला वाटतं तो ह्याचसाठी आला होता. जेवण झाल्यावर हात पुसत त्यानं विचारलं, "ताई, ते पडणार म्हणतात ते खरं का?"

"आज शंभरात दोन म्हणतायत. म्हणजे अठ्ठ्याण्णव वेळा नाही."

"परवा शंभरात एक होता ना? मग तो जवळ येतोय का?"

एकतीस वर्षांत मला हा प्रश्न इतक्या सरळपणे कुणी विचारला नव्हता. मी डब्यातून मूठभर तांदूळ आणले. जेवणाच्या टेबलावर त्यांचा लांबट पट्टा पसरला आणि पट्ट्यात, मधोमध नाही, जरा एका अंगाला, रुपयाचं नाणं ठेवलं. नाण्यावर दोन दाणे टाकले.

"हे नाणं म्हणजे पृथ्वी. त्या दिवशी तो दगड यांतल्या कुठल्या तरी एका दाण्याच्या जागी असेल. कुठल्या, ते आज माहीत नाही. शंभर दाणे आहेत असं धर. नाण्यावर किती?"

"दोन."

"आता नवीन मोजमाप आलं. त्यावरून कळलं की ह्या टोकाचे दाणे शक्यच नाहीत." मी हातानं त्या बाजूचे दाणे झाडले. "आता उरले समज सत्तर. नाण्यावर?"

"दोनच."

"म्हणून टक्का वाढला. दगड जवळ आला नाही. आपलं अज्ञान कमी झालं."

मग त्यानं स्वतः हात पुढे केला आणि हळूहळू दाणे झाडत आणले. शेवटी एका कोपऱ्यात सात-आठ दाणे उरले आणि नाणं मोकळं झालं.

"आणि एक दिवस असं होणार," तो म्हणाला.

"बहुधा असंच."

"वाढत वाढत जाईल आणि एकदम शून्य होईल."

"जवळजवळ एकदम."

"कधी?"

मी सांगितलं. तो दगड फार मंद दिसतो, पौर्णिमेच्या आसपास चंद्राच्या उजेडात सापडत नाही. माघातली पौर्णिमा उलटली, वद्य पक्ष लागला, की नवी मोजमापं येतील. सुरुवातीला आकडा आणखी थोडा चढेल आणि मग पडेल. शिवरात्रीच्या आधी निकाल लागावा, असा माझा अंदाज होता. तो बोटांच्या पेरांवर तिथ्या मोजत होता. आपलं बोलणं इतकं पटकन कुणाला समजलं की काय आनंद होतो, ते शिकवणाऱ्यालाच कळेल. तो निघाला तेव्हा मी खिडकीतून त्याची गाडी वळेपर्यंत बघत उभी होते.

पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी फुलवाल्या बाईंनी एक पत्रक आणून दिलं. "तुमच्या भावाकडं चाललो आमी, सगळी आळी," त्या म्हणाल्या. पत्रकावर विश्वरक्षणासाठी अनुष्ठान असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. त्र्यंबक रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय घेतलं होतं आणि महाशिवरात्रीला समाप्ती होती. खाली भावाचं नाव होतं, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत, "ज्यांच्या भगिनी सुप्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ आहेत."

मी दुसऱ्याच दिवशी बसनं गेले. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता जागोजाग खोदलेला होता, कार्यालयाशी उतरले तेव्हा केसांपर्यंत धूळ बसली होती. आत पाचशे तरी माणसं असतील. मी मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. व्यासपीठाच्या एका बाजूला होम चालला होता आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पडदा लावला होता. थोड्या वेळानं त्या पडद्यावर माझा चेहरा आला. "येत्या काही दिवसांत हा आकडा वाढेल." पुन्हा एकदा दाखवलं. लोक हळहळले.

मग भाऊ उठला. त्याचा आवाज वडिलांसारखा आहे, खोल आणि संथ. त्यानं एका पाटावर अक्षता पसरल्या, मधे नाणं ठेवलं, आणि वर लावलेल्या कॅमेऱ्यातून ते पडद्यावर दाखवलं. दाणे म्हणजे काय, नाणं म्हणजे काय, टक्का का वाढतो, सगळं त्यानं सांगितलं. माझ्याहून सोपं करून सांगितलं. मी आयुष्यभर वर्गात धडपडले, असा विद्यार्थी मला मिळाला नव्हता. "आकडा वाढेल, घाबरायचं नाही," तो म्हणाला. "अनुष्ठान सुरू आहे. शिवरात्रीच्या आत हे नाणं मोकळं होईल." मग त्यानं मंत्र म्हणत एका टोकाच्या अक्षता झाडल्या. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्यांना पदर लावला.

मी कार्यक्रम संपेपर्यंत थांबले आणि त्याच्या घरी गेले. भावजयीनं चहा ठेवला. ती चांगली आहे, माझं आणि तिचं कधी वाकडं आलं नाही. आमचे चेहरे बघून तिनं कप समोर ठेवले आणि ती आत गेली.

"तुला सगळं कळलं होतं," मी म्हणाले.

"हो. तू छानच समजावलंस."

"मग तिथे काय सांगितलंस?"

"तेच सांगितलं. आकडा वाढेल, घाबरू नका, शिवरात्रीच्या आत शून्य होईल. तुझ्या बोलण्यातला एक शब्द बदलला नाही."

"अनुष्ठानानं शून्य होईल असं सांगितलंस."

"असं मी म्हणालोच नाही, ताई. अनुष्ठान सुरू आहे म्हणालो. नाणं मोकळं होईल म्हणालो. दोन वाक्यं. मधलं 'म्हणून' लोकांनी घातलं."

"आणि नाही झालं शून्य, तर?"

"तूच म्हणालीस होईल."

"मी म्हणाले शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा."

"मग शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा मी खरा," तो म्हणाला. बोलताना त्याच्या आवाजात कुठेही उद्धटपणा नव्हता. तो खरोखर मला समजावत होता. "हे बघ, लोक घाबरलेत. टीव्हीवर तुला बघून घाबरलेत. तुझ्या आकड्यानं एकाला तरी झोप लागली का? इथून गेलेली माणसं रात्री झोपतात. दोन्ही आपणच दिलं त्यांना, भीती तू दिलीस, धीर मी दिला."

मी वडिलांना मधे आणलं. बाबांनी हे केलं नसतं, असं म्हणाले.

"बाबांनी तुझे आकडे माझ्या नावावर लिहून घेतले, तेव्हा तू काही बोलली नाहीस," तो म्हणाला. "आता का बोलतेस?"

चहा तसाच राहिला. मी चालत स्टँडवर आले आणि मिळेल त्या बसनं परत गेले.

पुढच्या तीन-चार दिवसांबद्दल लिहायचं मी टाळत होते. नवी मोजमापं येऊ लागली. आकडा चढत गेला आणि शंभरात तीनच्या थोडा वर पोचला. इतक्या मोठ्या दगडाबद्दल इतका वरचा आकडा यापूर्वी कुणी दिला नव्हता. मी दिवसातून दहा वेळा लॅपटॉप उघडत होते, स्वतः कक्षा काढून बघत होते. आणि माझ्या मनात काय चाललं होतं? अजून वाढू दे. पाच होऊ दे, दहा होऊ दे. शिवरात्र उलटून जाऊ दे. माझा भाऊ त्या पाचशे माणसांसमोर खोटा ठरावा, म्हणून मी एका शहरावर दगड पडण्याची शक्यता वाढावी अशी इच्छा करत होते. त्या शहरात फुलवाल्या बाईंची नात असू शकत होती. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी इच्छा जात नव्हती. धोक्याचं मोजमाप थंड डोक्यानं करायचं असतं, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं, आणि माझं डोकं असं होतं.

मग आकडा पडला. एका दिवसात निम्मा झाला, दुसऱ्या दिवशी हजारात दोन-तीनवर आला, आणि शिवरात्रीला दोन दिवस असताना संस्थांनी जाहीर केलं की पृथ्वीला आता काही धोका नाही. माझ्या स्वतःच्या गणितात तो आकडा थोडा आधीच पडला होता. माझा अंदाज तंतोतंत बरोबर आला होता. सबंध आयुष्यात मी केलेलं हे सर्वांत अचूक भाकीत. ते मी कुणालाही सांगू शकत नव्हते, कारण ते आधीच पाचशे लोकांसमोर दुसऱ्याच्या तोंडून झालं होतं.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी फुलवाल्या बाईंनी दारात प्रसादाची पुडी पुढे केली. सगळा झेंडू त्यांनी अनुष्ठानाला सेवा म्हणून दिला होता, त्यामुळे तीन-चार दिवस बाजारात गेल्याच नव्हत्या.

"वाचलो बाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाचं लय मोठं काम हाय. नातीला पाया पडायला लावलं."

"तो दगड पडणारच नव्हता," मी म्हणाले.

"मंग तुमी तसं का नाय सांगितलं?"

"तेव्हा माहीत नव्हतं."

"त्यांना माहीत व्हतं," त्या म्हणाल्या. मी पुडी घेतली. न घेऊन काय केलं असतं?

विज्ञान दिन लगेच दुसऱ्या दिवशी होता. माझ्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आधीच येऊन गेला होता. "मॅडम, यंदा विषय 'विज्ञान आणि श्रद्धा' ठेवलाय. तुमचे बंधू प्रमुख पाहुणे आहेत. तुम्ही दोघं एकाच व्यासपीठावर आलात तर फार चांगला संदेश जाईल." मी हो म्हणाले. माझा हेतू सरळ होता. इथे तरी मुलं आहेत, फळा आहे, आपल्याला पूर्ण वाक्य बोलू देतील.

बोलूही दिलं. मी टेबलावर तांदूळ आणि नाणं ठेवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. टक्का का वाढतो, का पडतो, आणि तो पडणार हे महिन्याभरापूर्वी का सांगता येत होतं. जगभरच्या दुर्बिणींवर किती माणसांनी जागून मोजमापं घेतली, तेही सांगितलं. मुलं लक्ष देऊन ऐकत होती. पहिल्या रांगेतल्या दोघी-तिघी वहीत उतरवत होत्या. मी खुर्चीवर बसले तेव्हा टाळ्या झाल्या, आणि मला वाटलं, चला, एवढं तरी.

मग भाऊ उठला. त्यानं आधी मला वाकून नमस्कार केला. सभागृहाला ते आवडलं. तो म्हणाला, "ताईनं सांगितलं ते शंभर टक्के खरं आहे. मी तिचाच विद्यार्थी. लहानपणापासून मला गणित तिनंच शिकवलं." हे तो पहिल्यांदाच चारचौघांत बोलत होता. इतकी वर्षं ऐकायचं होतं ते वाक्य मी त्या दिवशी ऐकलं. मग तो टेबलाजवळ गेला, माझे तांदूळ तळव्यानं हळूच बाजूला सारले आणि म्हणाला, "दाणे झाडले गेले, हे विज्ञान. पण झाडणारा हात कुणाचा, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं."

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. वहीत उतरवणाऱ्या मुलींनी हेही उतरवलं. मी जागेवरूनच म्हणाले, "हात कुणाचाच नव्हता. ती मोजमापं होती." माझ्यासमोरचा माइक तोवर बंद केलेला होता. शेजारी बसलेल्या प्राचार्यांनी ऐकलं. "अगदी बरोबर, मॅडम," असं म्हणून ते आभार मानायला उठले.

त्यानंतर मी भावाचे फोन घेणं बंद केलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. नात्यातल्या लोकांत मी भावाच्या यशावर जळते, असं झालं. ते सर्वस्वी खोटं आहे असं मी म्हणणार नाही. राखी मी पोस्टानं पाठवली. भाऊबीजेला गेले नाही, तब्येतीचं कारण सांगितलं. त्र्यंबकच्या बाजूला आता काही कारणानं जाणं झालं तर मी त्याच्या गल्लीला वळत नाही. लघुग्रहांचं कामही मागे पडलं. सकाळी लॅपटॉप उघडते, आकडे दिसतात, आणि ते कुणाच्या तरी तोंडी कसे ऐकू येतील असा विचार मनात येतो. मग बंद करते.

दिवाळीनंतर एकदा अनोळखी नंबरवरून फोन आला म्हणून मी उचलला. भाऊ होता, नवीन नंबर घेतला होता म्हणे. तब्येत विचारली. भावजयीनं पाठवलेले अनारसे पोचले का विचारलं. मी हो म्हणाले. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. मी बोलायला तयार होते, हेही खरं.

"ताई," तो म्हणाला, "एकोणतीस साली एक खूपच मोठा लघुग्रह पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार आहे म्हणतात. नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका जवळून. खरं का?"

"खरं आहे."

"चैत्रात येतो ना? मी बघितलं."

"एप्रिलमध्ये."

"आणि तो आदळणार नाही, हे नक्की?"

याचं उत्तर मला माहीत होतं. त्याची कक्षा इतकी नीट मोजून झाली आहे की त्यात आता शंभरात किती असं काही शिल्लक नाही. खोटं सांगावं, काही सांगता येत नाही म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. पण मला चुकीचं उत्तर देता येत नाही, कधीच आलं नाही.

"नक्की," मी म्हणाले. "आदळणार नाही."

"मग तर उत्तमच," तो म्हणाला, आणि त्यानं तारीख विचारली.

मी तारीख सांगितली.